सर्व्हरची स्वयंचलित उभारणी : डेटा सेंटरपासून तालुक्याच्या खोलीपर्यंत

'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर आता खानदेशातील शेतकऱ्यांच्याही चांगल्या परिचयाचे झाले आहे. सातबारा उतारा, रेशन दुकानातील अंगठ्याची पडताळणी, पीक विम्याचा अर्ज, सहकारी बँकेतील खाते यांपैकी कोणतेही काम अडले की हेच शब्द कानी पडतात. वास्तविक मुंबई किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमधील सर्व्हर त्या वेळी अनेकदा सुरळीत चालू असतो. बंद असते ती त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवरची एखादी पेटी : तालुक्याच्या कार्यालयातील राऊटर, स्विच किंवा छोटा सर्व्हर. नवी पेटी आणणे फार अवघड नसते. पण त्या कोऱ्या पेटीला नाव-पत्ता देणे, तिच्यात योग्य आज्ञावली भरणे, कोणाशी बोलायचे आणि कोणाशी नाही हे ठरवून देणे, यासाठी जाणकार माणूस लागतो आणि तो बहुधा जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी असतो.

हे काम माणसाच्या हातून काढून आज्ञावलीकडे सोपवण्याचे तंत्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत विकसित झाले आहे. त्याला 'स्वयंचलित प्राथमिक उभारणी' म्हणता येईल. जगातील मोठी डेटा सेंटर या तंत्रावर उभी आहेत. मोठ्या कंपन्यांना यंत्रे फार आणि माणसे थोडी, म्हणून त्याची गरज भासली. जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांना त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. येथे यंत्रे थोडी असतात, पण ती दूरदूर विखुरलेली असतात आणि जाणकार माणूस त्याहून दूर असतो. हे तंत्र नेमके काय आहे, ते कसे चालते, त्यात कोणते धोके आहेत आणि जिल्हास्तरावर त्याचा उपयोग कसा करता येईल, याची ओळख येथे करून घेऊ.

प्राथमिक उभारणी म्हणजे काय?

कारखान्यातून आलेला सर्व्हर विजेला जोडला म्हणजे लगेच कामाला लागत नाही. प्रथम त्याच्या अंगभूत आज्ञावलीची आवृत्ती तपासावी लागते. मग डिस्कची विभागणी करायची, ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची, जाळ्यातील पत्ता द्यायचा, घड्याळ प्रमाणवेळेशी जुळवायचे, वापरकर्त्यांची खाती आणि पासवर्ड तयार करायचे, सुरक्षेच्या ताज्या दुरुस्त्या भरायच्या, अनावश्यक सेवा बंद करायच्या आणि शेवटी देखरेख व बॅकअप यांच्याशी त्याला जोडायचे. स्विच आणि राऊटर यांच्या बाबतीत जाळ्याचे विभाग, वाहतुकीचे मार्ग आणि प्रवेशाचे नियम यांची भर पडते.

हे सारे हाताने करताना कुशल अभियंत्याचा अर्धा दिवस सहज जातो. मात्र वेळेचा अपव्यय हा यातील लहान दोष आहे. मोठा दोष असा की, हाताने उभारलेली दोन यंत्रे कधीच तंतोतंत सारखी होत नाहीत. एकावर घड्याळ जुळवायचे राहून जाते, दुसऱ्यावर चाचणीपुरता ठेवलेला पासवर्ड तसाच राहतो, तिसऱ्यावर घाईत केलेली दुरुस्ती कोठेच नोंदवली जात नाही. वर्ष-दोन वर्षांत प्रत्येक यंत्राचा स्वभाव निराळा होतो. त्यातच ते बसवणाऱ्या अभियंत्याची बदली झाली, की ते यंत्र असे का जुळवले आहे हे सांगणारा कोणी उरत नाही. चालू आहे तोवर त्याला हात लावायचा नाही, असा अलिखित नियम मग तयार होतो. सुरक्षेच्या दृष्टीने हाच नियम सर्वांत घातक ठरतो.

खानदेशातील जाळ्याची घडण

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची, म्हणजेच 'एनआयसी'ची स्थापना १९७६ मध्ये झाली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात या संस्थेने 'निकनेट' हे उपग्रहाधारित जाळे जिल्हा मुख्यालयांपर्यंत नेले. जिल्हाधिकारी कार्यालयातील एनआयसीचा कक्ष हे तेव्हापासून सरकारी संगणकीकरणाचे जिल्ह्यातील ठाणे ठरले. त्या काळी जोडायचे ठिकाण जिल्ह्यात एकच असे. त्यामुळे यंत्रे हाताने जुळवण्यात कोणालाच अडचण वाटत नव्हती.

चित्र बदलले ते २००५ नंतर. राज्यव्यापी जाळे, म्हणजेच 'स्वान' उभारण्याच्या योजनेला केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये मान्यता दिली. तिचा एकूण खर्च ३,३३४ कोटी रुपये धरला होता. राज्य मुख्यालय, जिल्हा मुख्यालय आणि तालुका ही ठिकाणे किमान २ एमबीपीएस वेगाने जोडायची, असे तिचे उद्दिष्ट होते. मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना मंजूर झाली आणि जानेवारी २००८ मध्ये राज्यांच्या स्वतःच्या डेटा सेंटरसाठी १,६२३ कोटींची योजना आली. महाराष्ट्रात 'महास्वान' आणि राज्य डेटा सेंटर ही या धोरणाची दोन फळे होत.

या धोरणाचा खानदेशापुरता अर्थ काय, हे साध्या बेरजेने कळते. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत, धुळे जिल्ह्यात ४ आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात ६. म्हणजे तालुका मुख्यालये २५. त्यांत भुसावळसारखे रेल्वे जंक्शन आहे, तसेच सातपुड्याच्या कुशीतील अक्कलकुवा आणि धडगावही आहे. प्रत्येक ठिकाणी किमान एक राऊटर, एक-दोन स्विच आणि विजेचा पर्यायी पुरवठा हवा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. डेटा सेंटरमध्ये यंत्राच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांदरम्यान असावी, अशी 'अ‍ॅश्रे' या आंतरराष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेची शिफारस आहे. तालुक्याच्या कार्यालयातील बंद खोलीत उन्हाळ्यात ही मर्यादा पाळणे किती अवघड, हे सांगायला नको. साहजिकच उपकरणे बिघडणे आणि बदलावी लागणे हा अपवाद राहत नाही, तो नेहमीचा व्यवहार होतो.

याच खानदेशाने संगणकीय व्यवस्थेच्या आणखी एका मोठ्या टप्प्याची सुरुवात पाहिली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. एप्रिल २०१६ पर्यंत आधार क्रमांकांची संख्या १०० कोटींवर गेली. साडेपाच वर्षांत एका गावापासून १०० कोटींपर्यंत जाणाऱ्या व्यवस्थेत एकेका सर्व्हरसमोर बसून त्याची जुळवणी करणे व्यवहार्य नसते. बंगळूर आणि मानेसर येथील आधारच्या केंद्रांसारख्या अवाढव्य डेटा सेंटरमध्ये स्वयंचलन ही चैन नसून गरज असते, ती याच कारणाने.

कोरे यंत्र कामाला कसे लागते?

नव्या सर्व्हरच्या डिस्कवर काहीच नसते. तरीही तो सुरू होताच काहीतरी करू शकतो, कारण त्याच्या अंगभूत आज्ञावलीत जाळ्यावरून सुरू होण्याची सोय कारखान्यातच केलेली असते. 'पीएक्सई' या नावाने ती ओळखली जाते. इंटेलने तिचे २.१ हे प्रमाणरूप १९९९ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते बहुतेक सर्व उत्पादकांनी स्वीकारले.

पहिली पायरी हाक देण्याची. सर्व्हरचे नेटवर्क कार्ड आपला जन्मजात हार्डवेअर पत्ता सांगून जाळ्यावर विचारणा करते : मला पत्ता कोण देईल? या विचारणेचे आणि उत्तराचे नियम 'डीएचसीपी' या संकेतात बांधलेले आहेत. तो १९९३ मध्ये प्रथम ठरला आणि १९९७ मध्ये त्याला आजचे रूप आले. उत्तर देणारा सर्व्हर नव्या यंत्राला आयपी पत्ता देतो आणि सुरुवातीची फाइल कोठे मिळेल हेही सांगतो.

दुसऱ्या पायरीत ती लहानशी फाइल उतरवून घेतली जाते. यासाठी 'टीएफटीपी' हा अत्यंत साधा संकेत दीर्घकाळ वापरात आहे. नव्या यंत्रांत त्याऐवजी नेहमीच्या वेब संकेताचा वापर वाढला आहे. ही फाइल मग ऑपरेटिंग सिस्टिम बसवणारी मोठी आज्ञावली आणते.

तिसरी पायरी उत्तरपत्रिकेची. ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना माणसाला अनेक प्रश्न विचारले जातात : भाषा कोणती, डिस्कचे भाग किती, वेळ कोठली धरायची, मुख्य खात्याचा पासवर्ड काय? या प्रश्नांची उत्तरे आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. रेड हॅट लिनक्समध्ये या सोयीला 'किकस्टार्ट' म्हणतात, डेबियनमध्ये 'प्रीसीड'. फाइल मिळाली की आज्ञावली कोणालाही न विचारता काम पुरे करते.

चौथ्या पायरीत यंत्र स्वतःच्या डिस्कवरून प्रथमच सुरू होते आणि आपली भूमिका विचारून घेते. आपण नोंदींचा साठा सांभाळायचा, वेब सेवा द्यायची की नुसता बॅकअप ठेवायचा, हे त्याला अनुक्रमांकावरून कळते. त्यानुसार पुढील आज्ञावली बसतात. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी चाचणीची. घड्याळ बरोबर आहे का, दोन्ही वीजपुरवठे चालू आहेत का, मेमरी मागणीइतकीच आहे का, हे तपासल्याशिवाय यंत्राला प्रत्यक्ष कामात घेतले जात नाही. जागेवरच्या माणसाने करायचे ते एवढेच : पेटी रॅकमध्ये बसवायची, वीज आणि जाळ्याची केबल जोडायची आणि बटण दाबायचे.

कित्येकदा बटणही दाबावे लागत नाही. सर्व्हरमध्ये मुख्य संगणकाखेरीज आणखी एक लहान संगणक असतो. वीज पोहोचत आहे तोवर तो जागा राहतो. त्याच्याद्वारे दूरवरून सर्व्हर चालू-बंद करता येतो, तापमान वाचता येते, अगदी त्याचा पडदाही पाहता येतो. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी यासाठी 'आयपीएमआय' हा समान संकेत आणला. २०१५ मध्ये त्याहून आधुनिक असा 'रेडफिश' आला. मध्यरात्री गेलेली वीज पहाटे परत आली आणि सर्व्हर मात्र बंदच राहिला, तर तो सुरू करण्यासाठी जळगावहून चाळीसगावला माणूस पाठवण्याची वेळ येत नाही, ती या लहान संगणकामुळे.

राऊटरचा प्रश्न वेगळा

वर वर्णिलेल्या पद्धतीत एक गृहीत दडलेले आहे. यंत्राने दिलेली हाक उत्तर देणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोहोचली पाहिजे. डीएचसीपीची पहिली हाक राऊटर ओलांडून पलीकडे जात नाही. ती पुढे पोहोचवण्याचे काम राऊटरवरच सोपवावे लागते. मग खुद्द राऊटरच कोरा असेल तर? जाळे असल्याशिवाय जुळवणी होत नाही आणि जुळवणी झाल्याशिवाय जाळे मिळत नाही. आधी कोंबडी की आधी अंडे, असाच हा पेच आहे. तालुक्याच्या ठिकाणी तो हमखास उभा राहतो.

यातून निघालेल्या मार्गाला जाळ्यांच्या क्षेत्रात 'झिरो टच प्रोव्हिजनिंग' म्हणतात, म्हणजे हात न लावता केलेली जुळवणी. नवा राऊटर दूरसंचार कंपनीच्या तारेवरून, किंवा तेही शक्य नसल्यास मोबाइल सिमकार्डाच्या आधारे, आपल्या मुख्य केंद्राशी संपर्क साधतो. आपला अनुक्रमांक सांगतो. केंद्राकडे त्या क्रमांकासमोर 'हा चोपडा तहसीलचा राऊटर' अशी नोंद असेल, तर चोपड्यासाठी तयार ठेवलेली जुळवणी त्याला मिळते. कोणताच मार्ग नसेल तेथे पेन ड्राइव्हवर फाइल देण्याची सोय अनेक उपकरणांत असते. डेटा सेंटरमधील स्विचसाठी २०१३ मध्ये 'ओएनआयई' ही व्यवस्था आली. स्विच एका उत्पादकाचा आणि त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्याची, असे मिश्रण तिने सोपे केले.

याचे गावपातळीवरील उदाहरणही आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. तिच्या पहिल्या टप्प्यात 'जीपॉन' हे तंत्र वापरले गेले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक मोठे यंत्र आणि ग्रामपंचायतीत एक छोटी पेटी, अशी त्याची मांडणी असते. गावातील पेटी जोडली की एक्स्चेंजमधील यंत्र तिला अनुक्रमांकावरून ओळखते आणि वेग, सेवा वगैरे ठरलेली जुळवणी फायबरवरूनच तिच्यात भरते. ग्रामपंचायतीच्या शिपायाला त्यातले काही ठाऊक असण्याची गरज नसते. अर्थात फायबरच तुटले किंवा पेटीला वीजच मिळाली नाही, तर ही हुशारी व्यर्थ ठरते. स्वयंचलन जुळवणीचा प्रश्न सोडवते, खोदकामाचा नव्हे.

कृती नव्हे, अपेक्षित स्थिती

यंत्र एकदा उभे राहिले म्हणजे काम संपत नाही. ते तसेच राहिले पाहिजे. या विचाराला पहिले ठोस रूप दिले मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने. ऑस्लो विद्यापीठातील संगणक सांभाळण्यासाठी १९९३ मध्ये त्यांनी 'सीएफइंजिन' लिहिले. त्यानंतर २००५ मध्ये 'पपेट', २००९ मध्ये 'शेफ' आणि २०१२ मध्ये 'अ‍ॅन्सिबल' ही साधने आली. ती सारी मुक्त स्रोत पद्धतीने प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली गेली.

या साधनांमागचे तत्त्व एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल. 'या फाइलच्या शेवटी अमुक ओळ जोडा' अशी आज्ञा दोनदा दिली, तर ती ओळ दोनदा जोडली जाईल आणि कदाचित सेवाच बंद पडेल. 'या फाइलमध्ये अमुक ओळ असावी' असे सांगितले, तर आज्ञावली आधी पाहते. ओळ असेल तर काहीच करत नाही, नसेल तर जोडते. मग ती आज्ञा एकदा द्या की शंभरदा, परिणाम तोच. म्हणजे कृतीचा क्रम न सांगता अपेक्षित स्थितीचे वर्णन करायचे. वर्णन आणि वास्तव यांत फरक दिसला की साधन तो फरक दाखवते किंवा दुरुस्त करते.

या वर्णनांच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात. त्या 'गिट'सारख्या साधनात ठेवल्या की कोणी, कधी, काय आणि का बदलले याची नोंद आपोआप राहते. सरकारी कार्यालयात जसे नस्तीवर टिपणी, अभिप्राय, मंजुरी आणि मग अंमल असा क्रम असतो, तसाच क्रम येथेही घालता येतो. एकाने बदल सुचवायचा, दुसऱ्याने वाचून संमती द्यायची आणि मगच तो यंत्रांपर्यंत जायचा. बदली होऊन आलेल्या नव्या अधिकाऱ्याला मागील पाच वर्षांचा इतिहास तेथे वाचता येतो.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या भीषण आगीत मोठ्या प्रमाणावर कागदी नस्त्या जळाल्या आणि दस्तऐवजांच्या संगणकीकरणाची निकड सर्वांना पटली. पण संगणकीकरणानंतरही एक प्रश्न उरतो. नोंदींचा बॅकअप सुरक्षित असला, तरी त्या वाचणारी यंत्रे जळाली तर ती पुन्हा उभी कशी करायची? नोंदींची प्रत हा निम्मा विमा झाला. यंत्रांचे लेखी वर्णन हा उरलेला निम्मा. ते असेल तर दुसऱ्या शहरातील कोऱ्या सर्व्हरवर तीच व्यवस्था काही तासांत उभी राहू शकते. नसेल तर आठवणीच्या भरवशावर आठवडे जातात.

केळीच्या बागेतील सारखेपणा

सारखेपणाचे फायदे आणि तोटे जळगाव जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. पूर्वी केळीची लागवड कंदांपासून होई. प्रत्येक झाडाची वाढ निराळी, घड येण्याची वेळ निराळी. जैन इरिगेशनसारख्या उद्योगांनी टिश्यू कल्चरची रोपे रुजवली आणि एकाच वयाची, एकाच ताकदीची बाग एकाच वेळी कापणीला येऊ लागली. ठिबक सिंचनाने तिला पाणी आणि खत मोजून मिळू लागले. उत्पादन वाढले, नियोजन सोपे झाले. मात्र सारख्या बागेत रोग शिरला की तो सर्वत्र सारख्याच वेगाने पसरतो. अलीकडच्या वर्षांत रावेर-यावल भागातील शेतकऱ्यांनी 'सीएमव्ही' या विषाणूजन्य रोगामुळे कोवळ्या बागा उपटून टाकल्या, तेव्हा हे पुन्हा दिसून आले.

सर्व्हरचेही असेच आहे. हाताने केलेली चूक एका यंत्रावर राहते, स्वयंचलित चूक क्षणात हजार यंत्रांवर जाते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या नित्याच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारे संपूर्ण जाळे तुटले. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी आज्ञावलीतच दोष होता. दूरवरून दुरुस्ती करण्याचा मार्गही त्याच जाळ्यातून जात असल्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावे लागले. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राऊडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष आपोआप पसरला, दुरुस्तीसाठी मात्र असंख्य ठिकाणी माणसाला एकेका संगणकासमोर बसावे लागले.

यातून घेण्याचा धडा स्वयंचलन टाळण्याचा नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची साठवण सेवा काही तास विस्कळीत झाली, ती एका कर्मचाऱ्याने आज्ञेत चुकीचे मूल्य दिल्यामुळे. ठरवल्यापेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर त्यामुळे सेवेतून बाहेर गेले. त्यानंतर कंपनीने साधनातच मर्यादा घातली : सर्व्हर हळूहळूच काढता येतील आणि ठरावीक किमान संख्येखाली जाता येणार नाही. वेगवान साधनाला लगाम साधनातच घालावा लागतो. माणसाच्या सावधपणावर विसंबून चालत नाही.

पेटीने कोणावर विश्वास ठेवायचा?

कोरे यंत्र जो प्रथम उत्तर देईल त्याचे ऐकते, हा या पद्धतीतील मूळचा कच्चा दुवा आहे. टीएफटीपीमध्ये ओळख पटवण्याची सोयच नाही. कोणी त्याच जाळ्यावर खोटा उत्तरदाता बसवला, तर नवे यंत्र जन्मतःच परक्याच्या ताब्यात जाऊ शकते.

हा धोका काल्पनिक नाही. सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये दूरवरून पहिली जुळवणी करण्यासाठी 'स्मार्ट इन्स्टॉल' ही सोय होती. जुळवणी झाल्यावर ती बंद करायला हवी होती, पण असंख्य ठिकाणी ती इंटरनेटवर उघडी राहिली. एप्रिल २०१८ मध्ये तिचाच गैरफायदा घेऊन इराण आणि रशियातील स्विचची जुळवणी पुसून टाकण्यात आली आणि त्यावर अमेरिकी ध्वजाचे चित्र उमटवले गेले. सोयीसाठी उघडलेले दार काम झाल्यावर लावून घ्यायचे राहिले, तर काय होते याचे हे बोलके उदाहरण होय. २०१९ मध्ये सुरक्षित 'झिरो टच' पद्धतीचे प्रमाण ठरले. त्यात उत्पादकाची सही असलेल्या मालकीच्या दाखल्यासारख्या पुराव्याने खात्री पटल्याशिवाय उपकरण कोणाचीही जुळवणी स्वीकारत नाही.

सहकारी बँकांचे मोठे जाळे असलेल्या खानदेशासाठी जुलै २०२४ मधील आणखी एक घटना लक्षणीय आहे. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला तात्पुरते जाळ्यापासून तोडले. देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक त्या काळात डिजिटल व्यवहार करू शकले नाहीत. लहान संस्था आपली यंत्रणा बाहेरच्या कंपनीकडे सोपवतात, तेव्हा जोखीमही सामाईक होते. आपले सर्व्हर कसे उभारले आहेत, त्यांचे वर्णन कोणाकडे आहे आणि ते कोण बदलू शकतो, हे प्रश्न संचालक मंडळानेही विचारावेत असे आहेत.

जिल्हास्तरावर काय करता येईल?

जिल्हा पातळीवरील कार्यालय, बँक, रुग्णालय किंवा महाविद्यालय यांच्याकडे दहा-वीसच यंत्रे असतात. त्यांनी अवाढव्य व्यवस्था उभारण्याचे कारण नाही. किंबहुना पहिल्या यंत्राच्या बाबतीत लेखी वर्णन तयार करायला हाताने जुळवण्यापेक्षा अधिकच वेळ लागतो. लाभ दिसतो तो दुसऱ्यांदा, जेव्हा तेच यंत्र बिघडते तेव्हा.

सुरुवात यादीपासून करावी : प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक, ठिकाण, कोणती केबल कोठे जाते आणि ते कोणत्या कामाचे. अनेक संस्थांत एवढी यादीही अद्ययावत नसते आणि तिच्याविना कोणतेही स्वयंचलन शक्य नाही. त्यानंतर शक्य तितकी उपकरणे एकाच प्रकारची घ्यावीत आणि त्याच प्रकारचे एक जादा उपकरण जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावे. राऊटर आणि स्विच यांच्या जुळवणीची प्रत रोज आपोआप काढून ठेवावी. पासवर्ड मात्र त्या फाइलींत न लिहिता स्वतंत्र, कुलूपबंद व्यवस्थेत ठेवावेत. कोणताही बदल आधी एका ठिकाणी करावा, एक-दोन दिवस पाहावे आणि मगच उर्वरित ठिकाणी न्यावा. शेवटी, सारे स्वयंचलन बंद पडले तर हाताने काय करायचे, याचा एक कागद छापून खोलीतच लावावा. संगणकातच ठेवलेली अशी सूचना ऐन वेळी उघडत नाही.

मनुष्यबळाचा विचार यात सर्वांत महत्त्वाचा. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरी, शिरपूर आणि धुळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालये, तसेच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांच्या संगणक प्रयोगशाळांत हा प्रश्न छोट्या स्वरूपात रोजच उभा असतो. साठ संगणकांवर परीक्षेपूर्वी एकच आज्ञावली बसवायची आणि परीक्षेनंतर ते मूळ स्थितीत आणायचे, हे पीएक्सईच्या साहाय्याने करता येते. त्यासाठी लागणारी साधने मुक्त स्रोत असल्याने विनामूल्य आहेत आणि एक जुना संगणकही उत्तर देणारा सर्व्हर म्हणून पुरतो. विद्यार्थ्यांनी ही व्यवस्था स्वतः उभारली, तर त्यांना पुस्तकात न मिळणारे शिक्षण मिळेल.

यंत्रे आपोआप जुळू लागली तर स्थानिक तंत्रज्ञांचे काम जाईल, अशी शंका घेतली जाते. ती अगदीच निराधार नाही. सीडी घालून ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचे काम खरोखरच कमी होत चालले आहे. त्या जागी वर्णन लिहिण्याचे, तपासण्याचे आणि सांभाळण्याचे काम आले आहे. त्यासाठी मुंबई-पुण्यातच बसले पाहिजे असे नाही. प्रश्न एवढाच आहे की, तालुक्यातील पेटीचे वर्णन जिल्ह्यात कोणाला वाचता आणि बदलता येते का? येत असेल, तर बिघाड दुरुस्त होण्याचा वेळ तासांत मोजता येईल. येत नसेल, तर तंत्र कितीही पुढे गेले तरी पेटी बंद पडल्यावर तालुक्याच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला दूरवरून माणूस येईपर्यंत थांबावे लागेल.